वारसाची नोंद : लाखांदूर परिसरातील मृताच्या मालमत्तेचा इतिहास

मृत व्यक्तीचे मृत्युपत्र न्यायालयाने तपासून, ते खरे असल्याची खात्री झाल्यावर मोहरेसह दिलेला दाखला म्हणजे प्रोबेट. हा दाखला हाती आला की मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाला मृताची देणी भागवण्याचा, येणी वसूल करण्याचा आणि उरलेली मालमत्ता ज्याची त्याला देण्याचा अधिकार निर्विवाद होतो. मुंबई, मद्रास आणि बंगाल या ठिकाणच्या हिंदू, जैन, शीख व बौद्ध कुटुंबांना दीडशे वर्षे हा सोपस्कार टाळता येत नव्हता. मात्र वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या खोऱ्यात वसलेल्या, भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील लाखांदूरच्या धानपट्ट्यात त्याची सक्ती कधीही नव्हती. येथे घरच्या कर्त्या पुरुषाची तेरवी आटोपल्यावर कुटुंबाची पावले दिवाणी न्यायालयाकडे न वळता पटवाऱ्याकडे वळत आली, आणि मृताच्या जागी कोणाचे नाव चढवायचे या एका प्रश्नात मालमत्तेचा सारा निवाडा सामावला गेला. पटवाऱ्याची ही नोंद मुळात सारा कोणाकडून वसूल करायचा एवढेच ठरवण्यासाठी जन्माला आली होती. लोकांनी तिला मालकीचा दाखला मानले, आणि या गैरसमजाची किंमत प्रामुख्याने घरातील स्त्रियांनी मोजली.

जमीन वारशाने मिळण्यासाठी ती आधी कोणाच्या तरी मालकीची असावी लागते, आणि नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत या मुलखातील शेतजमिनीविषयी असे ठामपणे म्हणता येत नव्हते. गावाचा पाटील सरकारशी साऱ्याचा करार करी, गाव वसवी, कुणबी आणून बसवी आणि रयतेकडून वसुली करी. पण त्याचे हे स्थान सरकारच्या मर्जीवर टिकणारे होते आणि करार दुसऱ्याला देण्याचा अधिकार सरकारकडे राहत होता. पाटलाच्या मागे बहुधा त्याचा मुलगाच गाव चालवी, कारण बैल, बियाणे आणि माणसांवरील वजन त्याच्याच घरात असे, तरी त्यास कायद्याने मिळालेला वारसा म्हणणे धाडसाचे ठरेल. रयतेची स्थिती याहून वेगळी नव्हती : जो बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाच्या शेताचा तुकडा, कसतो आणि सारा भरतो त्याच्याकडे ती राहते, एवढाच व्यवहार होता.

या प्रदेशातील वारशाचा सर्वांत मोठा वाद मात्र कोणा शेतकऱ्याच्या घरातला नसून खुद्द राजवाड्यातला होता. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले औरस पुत्र नसताना निधन पावले, तेव्हा राजघराण्यातील स्त्रियांनी दत्तकाचा विधी करून यशवंतरावांना गादीचा वारस ठरवले. परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी हा दत्तक राज्याच्या वारशापुरता अमान्य केला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य, अर्थातच भंडारा व लाखांदूरसह, कंपनीच्या मुलखात विलीन झाले. राजघराण्याच्या जडजवाहिराचा मोठा भाग कलकत्त्यात लिलावात निघाला. १८५७ च्या उठावात हे घराणे इंग्रजांविरुद्ध गेले नाही, म्हणून पुढे त्याच दत्तकपुत्राला जानोजी या नावाने मान्यता मिळून देऊरचे राजाबहादूर हा किताब देण्यात आला. म्हणजे ज्या दत्तकाला राज्यासाठी नाकारले त्यालाच किताबासाठी स्वीकारले गेले. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे वैध असलेला वारसही सत्ताधाऱ्याच्या नोंदीत आला नाही तर त्याच्या हाती काही लागत नाही, हा धडा या मुलखाला इंग्रजी अमलाच्या पहिल्याच वर्षी मिळाला.

१८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली आणि त्या दशकातील बंदोबस्ताने, म्हणजे दीर्घ मुदतीच्या सारा-आकारणीने, जुन्या पाटलांना गावाचे मालक करून टाकले. हेच मालगुजार. भोसल्यांच्या काळात मर्जीवर मिळणारे स्थान आता विकता, गहाण टाकता आणि मुलाबाळांना ठेवून जाता येईल अशी मालमत्ता बनले, आणि या भागात वारसाहक्काचे खटले खऱ्या अर्थाने येथून सुरू झाले. गावाची मालकी सोळा आणे धरली जाई. मालगुजार वारला आणि मागे चार मुलगे राहिले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार आणे येत, पुढच्या पिढीत त्याचेही तुकडे होऊन हिशेब पैपर्यंत उतरे. सरकारला मात्र सारा एकाच हाताने हवा असल्यामुळे हिस्सेदारांपैकी एकाला लंबरदार नेमले जाई. तो सर्वांच्या वतीने सारा भरी आणि पुढे हिस्सेदारांना त्यांच्या आण्यांच्या प्रमाणात नफा देई. लंबरदाराचे नाव सरकारी कागदात ठळक येई आणि उरलेले हिस्सेदार नोंदीत असूनही व्यवहारात मागे पडत. कर्त्या भावाचे नाव पुढे आणि बाकीच्यांचे आडोशाला, ही पुढे सातबारावर दिसणारी रीत येथे आधीच रुजलेली आढळते.

जिल्ह्याच्या पूर्वेकडील जमीनदाऱ्यांत याच्या उलट व्यवस्था होती. जमीनदारी अविभाज्य मानली जाई, गादी थोरल्या मुलाकडे जाई आणि धाकट्यांना पोटगीदाखल एखाददुसरे गाव मिळे. मालगुजारी विभागली जाते आणि जमीनदारी विभागली जात नाही, या एका फरकामुळे एकाच जिल्ह्यात कागदोपत्री दोन प्रकारची कुटुंबे नांदत होती. परंतु लाखांदूर हा मुख्यतः मालगुजारीचा मुलूख असल्याने येथे त्याचा अधिक विस्तार करण्याची गरज नाही.

मालगुजारी गावाच्या वाटणीत जमिनीपेक्षाही अवघड वस्तू पाणी ही होती. भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, आणि त्यातील जुन्या तलावांच्या बांधणीत कोहळी समाजाचा वाटा मोठा आहे. लाखांदूर तालुक्यातील पिंपळगाव कोहळी या गावाच्या नावातच त्या समाजाची खूण आहे. तलावाच्या पाळीतून तुडुमाद्वारे, म्हणजे पाणी सोडण्याच्या मोरीतून, निघालेले पाणी पाटाने वरच्या बांधीत येते, ती भरली की धुऱ्याला पाडलेल्या मुशीतून खालच्या बांधीत उतरते आणि असेच शेवटपर्यंत जाते. अशा उतरत्या बांध्यांची वाटणी दोन भावांत करताना केवळ एकर मोजून भागत नाही, कारण ज्याच्या वाट्याला वरची बांधी येते त्याच्या हाती खालच्याच्या पिकाची किल्ली येते. म्हणून जुने पंच वरची आणि खालची अशा दोन्ही बांध्यांचे आडवे तुकडे न करता उभे पट्टे पाडण्याचा आग्रह धरत, किंवा पाणी अडवणार नाही अशी कबुली वाटणीच्या कागदात लिहून घेत. गावाच्या तलावाचे पाणी कोणी, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या अटीवर घ्यायचे याची नोंद वाजिब-उल-अर्ज या पत्रकात, म्हणजे बंदोबस्ताच्या वेळी तयार झालेल्या गावरिवाजांच्या दप्तरात, केलेली असे. पाणी वाटणारा पाणकर गावाचा असे, कोणा एका वारसाचा नसे. मालगुजाराच्या मृत्यूनंतर तलाव वारसांकडे गेला तरी रयतेचा पाण्यावरील हक्क त्याबरोबर संपत नव्हता. मृताची मालमत्ता त्यावरील इतरांच्या हक्कांसह वारसाकडे येते, हे तत्त्व इंग्रजी कायद्याच्या पुस्तकांत शोधण्याआधी या भागात तलावाच्या पाळीवर पाहायला मिळत होते.

मालगुजाराखालच्या कुळांचे प्रकार अनेक होते, पण वारशाच्या दृष्टीने मौरूसी कूळ महत्त्वाचे. मौरूसी कुळाचा कब्जा त्याच्या मृत्यूनंतर वारसांकडे जाई. मात्र १८९८ च्या कूळकायद्याने त्याच्या जमीन विकण्याच्या स्वातंत्र्यावर कडक बंधने घातली, आणि त्यामुळे वारशाने येणारी पण विकता न येणारी अशी मालमत्ता हजारो कुटुंबांच्या पदरी पडली. १९२० च्या कायद्याने साध्या कुळांनाही मौरूसीच्या पंक्तीत बसवले. सावकाराचे कर्ज असलेल्या घरात या बंधनाचा उपयोगही झाला, कारण हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य मानले जाई आणि हे कर्तव्य सांगत सावकार तेरवीच्या मांडवातच हिशेबाची वही उघडत असे; जमीन सहज विकली जात नव्हती, म्हणून ती काही प्रमाणात वाचली.

मृत्यूची सरकारी वार्ता गावच्या कोतवालाकडून जाई. जन्ममृत्यूच्या नोंदी ज्यात होत ते कोतवाल बुक आज विदर्भात जातीच्या पुराव्यासाठी शोधले जाते, पण त्याचे आणखी एक महत्त्व असे की, कोणी कोणाच्या आधी मेले हे त्यावरून ठरत असे, आणि वारशाच्या वादात बहुतेक वेळा सारा निर्णय याच एका तारखेवर अवलंबून असतो. बापाआधी मुलगा गेला की बापानंतर, यावर विधवा सुनेचे भवितव्य ठरे. मृत्यूची खबर लागल्यावर पटवारी वारसांची चौकशी करी, जुने नाव खारीज होऊन नवे दाखल होई, आणि या दाखल-खारीजेनंतर खसरा व जमाबंदी या वार्षिक पत्रकांत वारसाचे नाव चाले. पटवाऱ्याला हिंदू धर्मशास्त्रातील वारसक्रम माहीत असण्याचे कारण नव्हते. तो गावच्या चार प्रतिष्ठितांना विचारी, जमीन प्रत्यक्ष कोण वाहतो ते पाही आणि साऱ्याला जो जबाबदार राहील त्याचे नाव लिही.

वारसक्रमाचा कायदा मात्र कागदावर स्पष्ट होता. मध्यप्रांत कायदेविषयक अधिनियम, १८७५ याच्या पाचव्या कलमाने असे ठरवले की वारसा, दत्तक, मृत्युपत्र, वाटणी आणि स्त्रीधन या बाबतींत पक्षकार हिंदू असतील तर हिंदू कायदा आणि मुसलमान असतील तर मुसलमानी कायदा लागू व्हावा, मात्र त्यांच्यात त्याविरुद्ध रूढी चालत असेल तर ती मानली जावी; आणि सहाव्या कलमाने, जेथे कोणताच नियम सापडत नाही तेथे न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेकबुद्धी यांना धरून निकाल द्यावा असे सांगितले. लाखांदूरच्या परिसरात कुणबी, कोहळी, ढीवर, महार, गोंड आणि थोडी मुसलमान कुटुंबे शेजारी शेजारी राहत असल्याने पाचवे कलम येथे पोथीत पडून राहणारे नव्हते. गोंड कुटुंबाचा वाद न्यायालयात गेला की पहिला प्रश्न हा निघे की या कुटुंबाने हिंदू चालीरीती इतक्या स्वीकारल्या आहेत काय की त्याला हिंदू कायदा लावावा; आणि तसे नसेल तर रूढी सिद्ध करण्याचा भार पक्षकारावर पडे. ज्यांची रूढी लिहिलेली नाही त्यांच्याकडूनच तिचा पुरावा मागण्याची ही पद्धत अन्यायाची होती, असेच म्हणावे लागते.

मृत्युपत्राचा प्रवास याहून विलक्षण आहे. १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने १ सप्टेंबर १८७० पासून बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अमलाखालील प्रदेशात आणि मुंबई व मद्रास येथील उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात, म्हणजे त्या शहरांच्या हद्दीत, हिंदूंचे मृत्युपत्र लेखी आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचे असणे बंधनकारक केले. ही ठिकाणे निवडण्याचे कारण धार्मिक नव्हते; तेथे इंग्रजी न्यायालये आधीपासून होती, परगावचे व्यापारी मोठाल्या रकमा मागे ठेवून मरत होते आणि प्रोबेटशिवाय पेढ्या व कंपन्या पैसे सोडायला तयार नसत. मुंबई इलाख्याच्या मुलखात तर वारसाला न्यायालयातून मान्यता देणारे आठवे रेग्युलेशन १८२७ पासून होते. मध्यप्रांतात यातले काहीच लागू नसल्याने येथील हिंदूचे तोंडी मृत्युपत्रही वैध होते. मरणशय्येवरील बापाने चार माणसांसमोर बोललेले शब्द, ते सिद्ध करता आले तर, कायद्याला पुरेसे होते, आणि ते सिद्ध करण्याचा खटाटोप पुढे किती वर्षे चालेल हे साक्षीदारांच्या आयुष्यावर अवलंबून असे. १८८१ च्या प्रोबेट कायद्याने इतर ठिकाणीही प्रोबेट घेण्याची वाट मोकळी झाली, पण ती सक्ती नव्हती. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात हे सारे कायदे एकत्र आले आणि पुढील दुरुस्तीने १ जानेवारी १९२७ किंवा त्यानंतर देशात कोठेही केलेल्या हिंदू मृत्युपत्राला लेखी स्वरूप व दोन साक्षीदार आवश्यक झाले. त्या दिवसापासून लाखांदुरातील तोंडी मृत्युपत्राचे युग संपले. तरी कलम ५७ आणि २१३ यांच्या एकत्रित वाचनातून प्रोबेटची सक्ती जुन्या तीन ठिकाणांपुरतीच राहिली. त्यामुळे भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याने आपल्या गावच्या जमिनीसाठी केलेले मृत्युपत्र प्रोबेटविनाच न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येई, तर त्याच शेतकऱ्याचा मुंबईत खोली घेतलेला भाऊ वारला की त्याच्या खोलीसाठी मुलांना प्रोबेट काढावे लागे.

रोख रक्कम, कर्जाची येणी आणि रोखे यांसाठी मात्र न्यायालयाचा उंबरा ओलांडणे भाग होते. मृताची येणी वसूल करण्याचा अधिकार देणारे उत्तराधिकार प्रमाणपत्र १८८९ च्या कायद्याने सर्वत्र उपलब्ध झाले आणि १९२५ च्या अधिनियमात ते दहाव्या भागात समाविष्ट झाले. हे प्रमाणपत्र जमिनीला लागू नाही, आणि त्यामुळे मालकीही ठरत नाही. ऋणकोने कोणाला पैसे दिले तर तो मोकळा होईल, इतकेच ते सांगते. ज्या प्रदेशात बहुतेकांची संपत्ती धानाच्या बांध्या, बैल आणि कवेलूचे घर यांतच होती तेथे हे प्रमाणपत्र मागणारे थोडेच असणार.

स्त्रियांच्या वाट्याला या व्यवस्थेत काय आले, हे पाहिल्याशिवाय हा इतिहास अपुरा राहील. हिंदू कायद्याच्या मिताक्षरा शाखेच्या नियमाप्रमाणे एकत्र कुटुंबातील पुरुष वारला की त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांकडे आपोआप सरके आणि विधवेला केवळ पोटगी राहे. विभक्त पुरुषाच्या विधवेला मालमत्ता मिळे, पण ती हयातीपुरती, विकण्याच्या अधिकाराविना, आणि तिच्यामागे नवऱ्याच्या वारसांकडे परत जाणारी. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क जणू ती मेली आहे असे समजून संपवला. ज्या जातींत पाट लावण्याची चाल कायद्याच्या कितीतरी आधीपासून होती त्यांनाही हे कलम लागते काय, यावर मुंबई व अलाहाबाद येथील उच्च न्यायालयांत मतभेद झाला आणि मुंबईने हक्क जातो असे म्हटले. १९३७ च्या हिंदू स्त्रियांच्या संपत्तीविषयक कायद्याने विधवेला मुलाइतका, पण हयातीपुरताच, हिस्सा दिला. तथापि १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने हा मध्यवर्ती कायदा प्रांतांतील शेतजमिनीला लागत नाही असे ठरवले, आणि ज्या मुलखात शेतजमीन हीच मालमत्ता होती तेथे तो निरुपयोगी ठरला. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाला ही उणीव स्वतंत्र कायद्याने भरून काढावी लागली.

हिंदू संहिता विधेयकाचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्या विधेयकाची कोंडी झाल्यामुळे १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, आणि १९५४ मध्ये त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती भंडाऱ्यातून. तीत ते पराभूत झाले. त्या संहितेचा एक तुकडा असलेला हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ रोजी लागू झाला, त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली, आणि बौद्धांनाही हा अधिनियम लागू असल्याने या भागातील नवदीक्षित कुटुंबांचा वारसाही त्याच कायद्याखाली राहिला. या अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने विधवेची हयातीपुरती मालकी पूर्ण मालकी झाली, आणि मुलगी प्रथमच मुलाबरोबर बापाची वारस ठरली.

मुलीचा हा हक्क कागदावर किती मोठा होता, ते एका साध्या हिशेबावरून कळते. बापाकडे वडिलोपार्जित नऊ एकर धानाची जमीन असून त्याच्यामागे दोन मुलगे आणि एक मुलगी राहिली, पत्नी आधीच वारली, असे धरले तर १९५६ च्या मूळ कायद्याप्रमाणे प्रथम बाप आणि दोन मुलगे यांच्यात काल्पनिक वाटणी होऊन प्रत्येकी तीन एकर येत, आणि बापाच्या तीन एकरांत तिन्ही मुलांचा सारखा वाटा असल्याने मुलीला एक एकर व प्रत्येक मुलाला चार एकर मिळत. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना, आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सर्वच मुलींना जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार, केल्यानंतर हाच हिशेब प्रत्येकी तीन एकरांवर येतो. २००५ ला बाप हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनिता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. प्रत्यक्षात मात्र मुलीची नोंद होते आणि लगेच हक्कसोडपत्राने तिचे नाव उतरते, किंवा वंशावळीतच तिला जागा मिळत नाही. भावाशी संबंध तुटू नयेत, माहेरची वाट बंद होऊ नये, म्हणून बहिणी सही करतात. त्याला कायद्याने जबरदस्ती म्हणता येत नसले तरी पूर्ण खुशीही म्हणता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर दप्तराची भाषाही बदलली. मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा होऊन माजी मालगुजारी म्हणजेच मामा तलाव झाले, आणि मालगुजारांकडे त्यांची घरखेती तेवढी राहिली. १९५४ च्या मध्यप्रदेश जमीन महसूल संहितेने जुन्या प्रकारांची घडी बसवून भूमिस्वामी आणि भूमिधारी असे दोन वर्ग केले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर आणि पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाल्यावर भूमिस्वामींपैकी बहुतेक भोगवटादार वर्ग १ आणि भूमिधारी वर्ग २ झाले. जुन्या मौरूसी कुळाला विक्रीची जी मर्यादा होती तिचीच सावली वर्ग २ च्या वारसांवर आजही आहे : जमीन वारशाने येते, पण हस्तांतर करण्याआधी परवानगीचे बंधन असते.

नव्या संहितेबरोबर गाव नमुना ७ आणि १२ यांचा एकत्र उतारा, म्हणजे सातबारा, या भागात आला. कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत मृत्यूची व हक्काची खबर तलाठ्याला द्यावी. तलाठी ती वारसा प्रकरणांच्या नोंदवहीत, गाव नमुना ६-क मध्ये, घेतो. चौकशीनंतर फेरफार नोंदवहीत, गाव नमुना ६ मध्ये, नोंद येते. हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवले जातात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, ६-अ मध्ये, जाते. नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. व्यवस्थेचा आराखडा चांगला आहे. तिची दुखरी जागा चौकशीत आहे, कारण वंशावळ अर्जदारानेच प्रतिज्ञापत्रावर द्यायची आणि गावाने तिला मान हलवायची असते. त्यात राज्यभर रूढ झालेल्या एकत्र कुटुंब मॅनेजर या नोंदीने भर घातली : धाकटी भावंडे अज्ञान असताना थोरल्याचे एकट्याचे नाव ‘ए.कु.मॅ.’ या तीन अक्षरांसह चढले, पुढे उतारा नव्याने लिहिताना ही अक्षरे गळाली, आणि सर्वांची जमीन एकाची दिसू लागली. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, तो केवळ महसुलाच्या सोयीचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले असले तरी सेवा सहकारी संस्थेचे पीककर्ज, आधारभूत केंद्रावरची धानखरेदी आणि कालव्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला हे सगळे सातबारावरील नाव पाहूनच मिळत असल्याने, नाव नसलेल्या वारसाला मालकीचा हा सिद्धांत दिवाणी दाव्यापुरताच उपयोगी पडतो.

२०२५ हे वर्ष या इतिहासात तीन कारणांनी नोंदवण्याजोगे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात सुरू झालेली जिवंत सातबारा मोहीम १ एप्रिलपासून राज्यभर नेण्यात आली आणि वर्षानुवर्षे मृतांच्या नावाने चाललेल्या उताऱ्यांवर वारसांची नावे लावण्याचे काम गावोगाव हाती घेतले गेले. १७ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात, स्त्रीला वारसा मिळतो अशी रूढी सिद्ध करा असे विचारणे चुकीचे आहे, स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नाही तर समानतेचेच तत्त्व लागू होते, असा निर्णय दिला. त्यासाठी संविधानाबरोबरच १८७५ च्या त्याच मध्यप्रांत अधिनियमाच्या सहाव्या कलमाचा आधार घेतला गेला, जो १५० वर्षांपूर्वी लाखांदुरालाही लागू होता. अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार अधिनियमातून वगळलेले असल्याने या तालुक्यातील गोंड स्त्रियांसाठी हा निर्णय कोणत्याही दुरुस्तीपेक्षा मोलाचा आहे. आणि डिसेंबरात संसदेने निरसन व सुधारणा कायद्याद्वारे उत्तराधिकार अधिनियमातील कलम २१३ वगळले, ज्यामुळे मुंबईतही प्रोबेटची सक्ती उरली नाही. महानगराची रीत खेड्यापर्यंत पोहोचण्याऐवजी खेड्याची मोकळीक महानगराला मिळाली. परंतु न्यायालयाची तपासणी ऐच्छिक झाली की वंशावळ आणि साक्षीदार यांच्या खरेपणाचे वजन वाढते, हा लाखांदूरचा अनुभव मुंबईकरांनीही विचारात घ्यावा असा आहे.

वारसांची नावे सातबारावर चढल्याने वाटणी होत नाही. ती संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारासमोर, नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा दिवाणी न्यायालयातूनच होते, आणि तोवर सामायिक खात्यातील प्रत्येक नाव प्रत्येक बांधीत हिस्सेदार असते. म्हणून घरात मृत्यू झाल्यावर अर्जासोबत जोडलेली वंशावळ कुटुंबातील सर्वांनी, विशेषतः सासरी गेलेल्या लेकींनी, स्वतः वाचावी आणि नाव सुटले असेल तर फेरफार प्रमाणित होण्यापूर्वीच्या पंधरा दिवसांतच लेखी हरकत नोंदवावी. ते दिवस गेल्यावर तोच प्रश्न अपिलात किंवा दिवाणी दाव्यात वर्षानुवर्षे चालवावा लागतो.